दादरमध्ये घर मिळेल का? भाड्याच्या खोलीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

काही महिन्यांपूर्वी भाचीला लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी लागली. ती आणि तिचा नवरा मुंब्र्यात राहतात. रोजची लोकल, रात्री उशिरा सुटणं, त्यातून दोघांनी ठरवलं की दादरच्या आसपास एक छोटं घर भाड्याने घ्यायचं. हिशेब केला. महिना ३५ हजारांपर्यंत भाडं आणि एक लाख डिपॉझिट झेपत होतं. दादर पूर्वेला एका जुन्या इमारतीत वन-आरके मिळाला. घर पाहिलं, आवडलं. एजंट म्हणाला, “मॅडम, तुमच्यासारखीच फॅमिली पाहिजे होती ओनरला. मराठी, नोकरदार. अ‍ॅग्रीमेंटसाठी आधारची कॉपी पाठवा.”

भाचीचं आडनाव कोकणातलं. कोकणी मुसलमानांत देशमुख, खोत, मुकादम, सारंग अशी आडनावं सर्रास असतात. ती ऐकून कुणाला काही कळत नाही. कळतं ते पूर्ण नाव वाचल्यावर. आधारची कॉपी गेली आणि तासाभरात एजंटचा फोन आला, “सॉरी मॅडम, ओनरच्या घरचेच कुणीतरी राहायला येतायत.” आठवडाभराने तेच घर, त्याच फोटोंसह, त्याच भाड्यात जाहिरातीत दिसत होतं. पुढचा एजंट सरळ होता. त्याने फोनवरच सांगितलं, “उगाच तुमचा वेळ घालवत नाही. तुम्हाला माहीम नाहीतर कुर्ल्यात दाखवतो.”

भाची मला म्हणाली, “मामू, परवडत नाही म्हणून घर मिळालं नसतं, तर एवढं वाईट वाटलं नसतं. परवडत होतं, तरी मिळालं नाही.”

मुंबईत घर परवडत नाही, हा विषय वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत येतो. मुसलमानाला घर मिळत नाही, हा विषय आपल्यासारख्यांच्या लिखाणात येतो. दोन्हींचा जणू एकमेकांशी काही संबंध नाही. या शहराचा भाड्याच्या घरांचा इतिहास चाळला की दिसतं, हे दोन प्रश्न पहिल्यापासून एकाच दोरीला बांधलेले आहेत. आणि आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या कायद्याने घरात बसलेल्या भाडेकरूला भरपूर संरक्षण दिलं. घराच्या दारात उभं राहून ‘खोली मिळेल का’ असं विचारणाऱ्याकडे मात्र त्याने फारसं पाहिलंच नाही.

गावाची खोली

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीने मुंबईला आले. भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा त्यांच्याकडे एक पत्ता होता. डोंगरीतल्या एका इमारतीत गावच्या जमातीने भाड्याने घेतलेली खोली. आजोबा खलाशी. जहाजावरून उतरलं की पुढचं जहाज मिळेपर्यंत तीच खोली त्यांचं घर. भिंतीला लागून एकावर एक पत्र्याच्या पेट्या, रात्री ओळीने वळकट्या, सकाळी वळकट्या गुंडाळल्या की दुसऱ्या पाळीच्या माणसांना जागा. घरमालकाला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नसायचं. त्याचा व्यवहार जमातीच्या कारभाऱ्याशी.

ही काही एकट्या कोकणी मुसलमानांची रीत नव्हती. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे गावोगावचे ‘कूड’ धोबीतलाव आणि माझगाव भागात होते. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या हिंदू गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, खानावळी होत्या. मुंबई मजुरांवर चालत होती, पण त्यांच्या राहण्याची सोय ना सरकारने केली होती, ना बहुतेक गिरणीमालकांनी. ती गावाने केली, जातीने केली, जमातीने केली. गरिबाला परवडणारं घर मिळण्याचा तो एकच खात्रीचा मार्ग होता.

त्या सोयीची किंमतही होती. खोलीच्या दारावर पहिला प्रश्न ‘भाडं किती देणार’ हा नसायचा. ‘गाव कोणतं’ हा असायचा. उत्तर बरोबर असेल तर खिशात पैसे नसले तरी जागा. उत्तर चुकलं तर पैसे असूनही रस्ता. आज आपल्याला जो प्रश्न विचारला जातो, त्याचं मूळ इतकं जुनं आहे, आणि ते आपल्याही घरात आहे.

प्लेग आणि ट्रस्ट

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामं व्हायला लागलं. सरकारी पथकं घरांत शिरून रोगी शोधू लागली, सामान जाळू लागली, माणसांना सक्तीने इस्पितळात नेऊ लागली. लोक चिडले. मार्च १८९८ मध्ये रिपन रोडवर जुलाहा विणकरांचा उद्रेक झाला, तो एका आजारी मुलीला घरातून हलवण्याच्या प्रयत्नावरून. गरिबाच्या दृष्टीने घर म्हणजे चार भिंतींत उरलेली इज्जत होती आणि सरकारच्या दृष्टीने ती रोगाची जागा होती.

याच काळात, १८९८ मध्ये, सरकारने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडायच्या, हवेशीर रस्ते काढायचे, कामगारांसाठी चाळी बांधायच्या आणि शहराच्या उत्तरेला नव्या वसाहती आखायच्या, हे त्याचं काम. ट्रस्टने सर्वप्रथम हातात घेतलेल्या भागांत नागपाडा होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते ट्रस्टनेच काढले. त्या रस्त्यांखाली गेलेल्या खोल्यांचं काय? सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी घरं पाडली, तितकी बांधली नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या गल्ल्यांत शिरली, तिथली गर्दी वाढली, भाडी वाढली. रोगराई कमी करायला निघालेल्या योजनेने टंचाई वाढवली.

ट्रस्टने बांधलेल्या चाळी आजही बीआयटी चाळी म्हणून ओळखल्या जातात. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. गंमत अशी की त्या बांधून झाल्यावर कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. कामगाराला भाडं परवडत नव्हतं आणि काँक्रीटच्या त्या खोल्या राहायला नको वाटत होत्या. घरं बांधणं आणि परवडणारी घरं बांधणं यांतला फरक मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच पाहून ठेवला आहे.

दादर कसं वसलं

आता भाचीच्या दादरकडे येऊ. दादर, माटुंगा हा परिसर ट्रस्टने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आखला. प्लॉट पाडले आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. कारकून, शिक्षक, वकील अशा नव्या पांढरपेशा वर्गासाठी ही वसाहत होती. मँचरजी जोशी या अभियंत्याने ट्रस्टला पटवून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट मिळवले, ती दादर पारसी कॉलनी. शेजारी हिंदू कॉलनी उभी राहिली. माटुंग्यात दक्षिण भारतीय आले. पश्चिमेला माहीम पार्क झालं, त्याचं १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालं आणि भोवती मराठी मध्यमवर्ग वसला.

याच सुमारास सहकारी गृहनिर्माण सुरू झालं. १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली होती. १९१५ मध्ये गावदेवीत रावबहादूर तळमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. देशातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचा इतिहास तिच्यापासून सांगितला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तिची कल्पना भाड्याच्या घरांचीच होती. इमारत सोसायटीच्या मालकीची आणि सभासद तिचे भाडेकरू. मुंबईतली भाडी परवडत नाहीत, घरमालक छळतात, म्हणून एका जातीच्या लोकांनी एकत्र येऊन स्वतःच स्वतःचे घरमालक व्हायचं ठरवलं.

म्हणजे जातीची सोसायटी ही सुरुवातीला कुणाला बाहेर ठेवण्यासाठी काढलेली नव्हती. ती परवडणाऱ्या घराच्या प्रश्नावरचं उत्तर होती. गावाची खोली जशी मजुराची, तशी ही पांढरपेशाची. पैसा कमी, विश्वास कुणावर ठेवायचा तर ओळखीच्यावर, ओळखीचा म्हणजे जातीचा. ही सोय समजण्यासारखी आहे. पण ज्यांच्या जातीकडे, जमातीकडे ना भांडवल होतं ना सरकारदरबारी वजन, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी नवं शहर बंदच राहिलं.

बडोद्यातली एक संध्याकाळ

भाड्याच्या घराच्या शोधातला सर्वांत मोठा अपमान या देशात कुणाचा झाला असेल, तर तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९१७ मध्ये परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेले. बाबासाहेबांनी एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. दोघांनी आपापली अडचण सांगितली. काही तास बागेत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

त्याच आठवणींत दौलताबादचाही प्रसंग आहे. तिथे किल्ल्याबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सोबत्यांवर धावून आले ते मुसलमान होते. ‘हौद बाटवला’ असं म्हणणाऱ्यांत आपलेही लोक होते. नाकारल्याची तक्रार लिहिताना हे पान आपण उलटून पुढे जाऊ नये.

मुंबईत बाबासाहेब अनेक वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिले. म्हणजे ट्रस्टच्या, सार्वजनिक मालकीच्या खोलीत. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी ‘राजगृह’ बांधलं, ते दादरच्या हिंदू कॉलनीत. बडोद्यात भाड्याने खोली न मिळालेला माणूस दादरमध्ये स्वतःचं घर बांधू शकला, याचं श्रेय त्यांच्या कर्तृत्वाला आहेच. पण मधली वर्षं त्यांना छप्पर दिलं ते एका सार्वजनिक चाळीने, हेही लक्षात ठेवायला हवं.

गोठलेलं भाडं

पहिल्या महायुद्धात मुंबईची भाडी भडकली आणि १९१८ मध्ये भाडं नियंत्रणाचा पहिला कायदा आला. पुढे तो संपला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, विशेषतः मंदीच्या वर्षांत, दादर-माटुंग्यात नव्या इमारती वेगाने उभ्या राहत होत्या. ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लागलेल्या असायच्या, असं त्या पिढीची माणसं सांगत. भाडेकरू निवडत होता, मालक वाट पाहत होता. मुंबईत असाही काळ होता, यावर आज विश्वास बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र उलटं झालं. १९३९ मध्ये पुन्हा नियंत्रण आलं, आणि १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, ते प्रमाण भाडं धरून गोठवलं गेलं. भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, त्या काळात हा कायदा नसता तर लाखो कुटुंबं रस्त्यावर आली असती. माझ्या आजोबांनाही त्याचा फायदा झाला. गावच्या खोलीतून बाहेर पडून त्यांनी शिवडीच्या एका चाळीत खोली घेतली होती. तिचं भाडं होतं १४ रुपये. माझ्या लहानपणीही ते जवळपास तेवढंच होतं.

पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पन्नास वर्षं मुदतवाढ घेत राहिला. १४ रुपयांत घरमालक इमारतीला चुनाही लावीना. जुन्या इमारती कोसळायला लागल्या, तेव्हा सरकारने १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. उपकर भरणाऱ्या अशा इमारतींची संख्या तेव्हा १९ हजारांहून जास्त होती. नवीन भाड्याच्या इमारती बांधणं थांबलं, कारण त्यात मिळकत नव्हती. बिल्डर आता घरं विकायला लागले. भाड्याच्या खोल्यांचं शहर मालकीच्या फ्लॅटचं झालं.

मग खोली बदलायची तर काय? पागडी. कायद्याने पागडी घेणं हा गुन्हा होता, तरी सगळं शहर पागडीवर चालत होतं. जुना भाडेकरू एकरकमी पैसे घ्यायचा, त्यातला हिस्सा मालकाला द्यायचा आणि पावती नव्या नावावर व्हायची. ज्याच्याकडे रोख नाही आणि ओळखही नाही, त्याला भाड्याने खोली मिळण्याचं दार बंद झालं. व्यवहार कागदाबाहेरचा असल्याने तो विश्वासावर चालायचा, आणि विश्वास पुन्हा जातीवर, जमातीवर.

१९७३ मध्ये आणखी एक फेर झाला. भाडं नियंत्रण टाळण्यासाठी मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जागा देत. सरकारने कायदा बदलून १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरू ठरवलं. राहणारे सुरक्षित झाले. पण ज्यांच्याकडे रिकामी घरं होती त्यांनी धडा घेतला, घर बंद ठेवलेलं बरं, किंवा द्यायचंच तर अशाला द्यावं की जो नक्की जाईल. घर देण्याआधी माणसाची कुंडली पाहण्याची सवय इथे पक्की झाली.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेलं भाडं काळाशी विसंगत झालं असल्याचं सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पागडीला मान्यता मिळाली. लायसन्सची मुदत संपली की मालकाला घर परत मिळण्याची सोय झाली. ११ महिन्यांचा करार ही रूढी झाली. आता भीतीचं कारण उरलं नव्हतं, पण सवय गेली नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत चार लाखांहून जास्त घरं रिकामी असल्याचं आढळलं. एकीकडे रिकामी घरं, दुसरीकडे दारोदार फिरणारे भाडेकरू.

दोन तडाखे

आतापर्यंतची गोष्ट सर्वांची आहे. मुसलमानांच्या वाट्याला त्यात दोन तडाखे जास्तीचे आले.

पहिला फाळणीचा. पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्ता सरकारने निर्वासित मालमत्ता म्हणून ताब्यात घेतल्या. ते समजण्यासारखं होतं. पण १९४९-५० च्या कायद्यांत ‘जाण्याच्या विचारात असलेला’ असाही एक वर्ग होता. तो १९५३ मध्ये रद्द झाला. तोवर इथेच राहिलेल्या मुसलमानाच्या घराकडेही ‘हा उद्या जाईल का’ अशा नजरेने पाहायची मुभा कायद्याने दिली होती. कलम गेलं, ती नजर रेंगाळली.

दुसरा तडाखा १९९२-९३ चा. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत ९०० माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. आमच्या शिवडीच्या चाळीला हात लागला नाही. शेजाऱ्यांनी आम्हाला आठवडाभर आपल्या घरात ठेवलं, हे मी विसरलेलो नाही. पण अब्बांची झोप उडाली ती उडालीच. मार्चमध्ये त्यांनी खोली मिळेल त्या किमतीला दिली आणि आम्ही मुंब्र्याला गेलो. मुंबईच्या मिश्र वस्त्यांतून हजारो कुटुंबं अशीच मुंब्रा, मीरा रोड, कुर्ला, जोगेश्वरीकडे सरकली. १४ रुपये भाड्याची, कायद्याने पूर्ण सुरक्षित असलेली खोली. घरमालक आम्हाला काढू शकत नव्हता. भीतीने काढलं.

भाचीचा जन्म मुंब्र्यातला. आज ती ज्या दादरमध्ये घर शोधते, त्याच्या शेजारच्या शिवडीतून तिचे आजोबा निघून गेले होते. तिच्या लेखी ती नव्या भागात जाते आहे. माझ्या लेखी ती परत येऊ पाहते आहे.

कायदा कुठे थांबतो

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांना घर विकत किंवा भाड्याने मिळण्यात येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी वेगवेगळ्या नावांनी चौकशी करून पाहिली. दलित आणि मुस्लीम नावांना नकार जास्त मिळाला, त्यातही मुस्लीम नावांना सर्वाधिक. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे हा एकट्या भाचीचा अनुभव नाही.

मग कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं आहेत. तिथे धर्म, जात, लिंग यांवरून कुणाला रोखता येत नाही. दौलताबादचा हौद या कलमात आला. बडोद्याच्या विश्रामगृहाची कोंडीही यात फुटते. पण भाड्याने द्यायचं खासगी घर त्या यादीत नाही.

२००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा सोसायटीचा नियम न्यायालयाने ग्राह्य धरला. संघटना करण्याचं स्वातंत्र्य, असा त्याचा आधार. हा निकाल वाचताना मला १९१५ ची गावदेवी आठवते. तेव्हा दुबळ्यांनी एकत्र येण्याचं साधन म्हणून जे सुरू झालं, त्याची पुढे कुंपणं झाली. बहुतेक सोसायट्यांना तर नियमाचीही गरज नसते. नकार कुठल्याही कागदावर नसतो. ‘ओनरच्या घरचे येतायत’ एवढं पुरतं.

आपल्या दारात

इथवर वाचून मान डोलावणाऱ्या माझ्या मुस्लीम वाचकांना एक विचारायचं आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या, आपल्या जमातींच्या इमारतींत घर कुणाला मिळतं? कोकण्यांच्या इमारतीत उत्तर भारतातला मजूर चालतो का? मसलक वेगळा असेल तर? दलित कुटुंब? घटस्फोटित बाई? एकटी राहणारी मुलगी, मग ती आपलीच का असेना? ‘आम्हाला नाइलाजाने एकत्र राहावं लागतं’ हे खरं आहे. पण नाइलाजाने बांधलेल्या भिंतीलाही आतून कडी असते आणि ती लावणारे हात आपलेच असतात.

मला असं वाटतं की टंचाई असली की पूर्वग्रह पाळायला पैसे पडत नाहीत. एकाला नाही म्हटलं तरी मागे दहा जण उभे असतात. १९३० च्या दशकातल्या पाटी लावून बसलेल्या मालकाला नाही म्हणणं महाग पडायचं. म्हणून भरपूर, परवडणारी, सार्वजनिक मालकीची भाड्याची घरं हा मुसलमानांच्याही हक्काचा प्रश्न आहे. आपण त्यावर बोलत नाही, कारण आपल्याला तो ‘आपला’ वाटत नाही. त्याचबरोबर हेही खरं की केवळ घरं वाढवून भागणार नाही. बडोद्याच्या विश्रामगृहात खोल्या रिकाम्याच होत्या. म्हणून भाड्याच्या कायद्यात घर मागणाऱ्याचाही विचार हवा. भाडं, डिपॉझिट, कागदपत्रं यांखेरीज कारण सांगून नाकारता येणार नाही, एवढी एक ओळ तरी. कायद्याने मनं बदलत नाहीत, हे मला माहीत आहे. पण विहिरीवरून हाकलणं आज गुन्हा आहे, तोही कायद्यानेच झाला. त्याआधी तीही रीतच होती.

भाचीला शेवटी घर मिळालं. दादरहून दोन स्टेशनं पुढे, माहीममध्ये. मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यापासून जवळच्या गल्लीत. खोली दादरच्या घरापेक्षा लहान, भाडं तीन हजारांनी जास्त. घरमालक वयस्कर कोकणी गृहस्थ. त्यांनी पगाराची स्लिप पाहिली नाही, आधारही नंतर मागितलं. पहिला प्रश्न विचारला, “बेटा, गाव कोणतं?”

तिने गाव सांगितलं. ते म्हणाले, “मग आपलेच की!” आणि चावी दिली.

रात्री तिचा फोन आला. खूश होती. मी तिला आजोबांच्या डोंगरीतल्या खोलीची गोष्ट सांगितली. ती हसली. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “मामू, माझ्या आधी एक जोडपं खोली बघून गेलं होतं. बिहारचं होतं म्हणे. त्यांना काय सांगितलं असेल?”